तिसऱ्या शिट्टीच्या आत

माझा पीएचडीचा प्रबंध दोनशे चौदा पानांचा आहे. तो कपाटाच्या वरच्या खणात असतो. इतक्या वर्षांत मी तो एकदाच खाली काढला, तोही मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी पिंपळाची पानं दाबायला काहीतरी जड हवं होतं म्हणून! त्यातलं एकही वाक्य मला आज आठवत नाही. पण तो लिहिताना जे किस्से झाले ते कुठेही लिहून न ठेवता शाबूत आहेत. चार रिसर्चवाले एकत्र बसले की पहिल्या चहाला आपापल्या गाइडची निंदा होते, दुसऱ्या चहापासून किस्से सुरू होतात. सांगून सांगून ते संपायला हवेत, तर दर वेळी कुणाला तरी एखादा विसरलेला आठवतो आणि ढीग वाढतच जातो.

आमचे किस्से बहुतेक एकाच स्वयंपाकघरात घडले. दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर साळवेकाका आणि साळवेकाकू राहत. मूळचे नगरचे. काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून रिटायर झालेले, मुलगा बंगलोरला. माझ्या आईची मावसबहीण कधीकाळी त्यांच्या शेजारी राहत होती, एवढ्याशा ओळखीवर मी पहिल्या रविवारी जेवायला गेलो आणि पुढची सहा वर्षं जातच राहिलो. रविवारी काकू चर्चमधून परत आल्या की आम्ही हजर!

आम्ही म्हणजे तिघं. मी नाशिकचा, दह्यातल्या जिवाणूंवर संशोधन करणारा. इरफान मुजावर मिरजेचा डॉक्टर, इथे कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करणारा. आणि वंदना जाधव, इतिहासात पीएचडी करणारी. वंदनाचे वडील सैन्यात सुभेदार, मूळ सातारा जिल्ह्यातले. शेवटच्या पोस्टिंगला दिल्ली मिळाली तेव्हा ते आईला आणि वंदनाला घेऊन कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टरमध्ये राहायला आले होते. आम्हा दोघा मुलांची डिग्री रखडली असती तर घरचे चार शब्द बोलले असते, बास. वंदनाचं तसं नव्हतं, ते पुढे सांगतो.

* * *

पहिल्याच रविवारी काकूंनी विचारलं, "काय रे विवेक, करतोस काय तिकडे लॅबमध्ये?"

मला कुणीतरी विचारलं याचाच इतका आनंद झाला की मी थेट जिवाणूंचा शोध लागला तिथपासून सुरुवात केली. काकूंनी कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तेव्हा मी युरोपात होतो. दुसरीला भारतात आलो. तिसरीला काकूंनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "भात झाला, वरण झालं. तुझं काय झालं?"

"काकू, अजून प्रस्तावना चाललीय."

"मग पुढच्या वेळेपासून तीन शिट्ट्यांच्या आत सांगायचं. डाळ शिजते तेवढ्या वेळात जो आपलं काम सांगू शकत नाही, त्याला स्वतःलाच ते कळलेलं नसतं."

असा तो नियम झाला. डिपार्टमेंटमध्ये काहीही प्रेझेंट करायचं असेल तर आधी काकूंच्या ओट्यापाशी उभं राहायचं, मराठीत सांगायचं आणि तिसऱ्या शिट्टीला थांबायचं. त्यानंतर काकू आधी एकच प्रश्न विचारत. सहा वर्षांत त्यांनी सुरुवात दुसऱ्या कुठल्या प्रश्नाने केलेली मला आठवत नाही.

"ते ठीक आहे. पण हे तुला कळलं कसं?"

मोठमोठ्या कॉन्फरन्समध्ये मी न डगमगता उत्तरं दिली आहेत. पण डाव हातात घेऊन उभ्या असलेल्या काकूंच्या त्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी अजूनही वही पुन्हा उघडून बघतो. वंदना पहिल्या दिवशी दुसऱ्या शिट्टीलाच थांबली, तेव्हा काकू म्हणाल्या, "ही पोरगी काहीतरी करणार!" आम्ही दोघं पोरं मुकाट कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत बसलो.

* * *

या प्रश्नाचा पहिला बळी इरफान.

द्वारकेत तेव्हा जिकडे तिकडे बिल्डिंगांची कामं चालू होती. तिथल्या मजुरांना हृदयविकाराचा धोका किती, हा त्याचा विषय. परदेशातून आलेला एक फॉर्म होता, त्याचं हिंदी करून हा रोज साइटवर जाऊन भरून आणायचा. दोनशे फॉर्म भरले आणि ओट्यापाशी उभा राहिला.

"काकू, धक्कादायक गोष्ट सापडलीय. इथल्या मजूर बायकांमध्ये शारीरिक हालचाल जवळजवळ शून्य आहे!"

काकूंच्या हातातला झारा थांबला. "हे तुला कळलं कसं?"

"प्रश्नच आहे ना फॉर्ममध्ये. 'आप नियमित व्यायाम करती हैं?' काल एका बाईला विचारलं, तर हसून म्हणाली, 'टाइम कहाँ है, डॉक्टर साहब!' मी 'नाही'वर टिक केली."

"आणि विचारलंस तेव्हा ती करत काय होती?"

इरफान हळूच म्हणाला, "डोक्यावर विटा होत्या."

"किती?"

"बारा."

इरफानने त्या दिवशी भातही दुसऱ्यांदा घेतला नाही, आणि मिरजेच्या माणसाने भात नाकारणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. सोमवारी त्याने दोनशे फॉर्म बाजूला ठेवले, प्रश्न बदलला आणि पुन्हा पहिल्या माणसापासून सुरुवात केली. नवा प्रश्न होता, 'दिनभर में क्या-क्या उठाती हो?' तीच बाई पुन्हा भेटली. तिने प्रश्न ऐकला, पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "अब बैठ जाओ डॉक्टर साहब, लंबा लिखना पड़ेगा!"

* * *

काकूंचं हे असं, तर काकांचं दुसरंच. काका आमचे चॅप्टर वाचायचे. समजो न समजो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या तळटीपेपर्यंत! पस्तीस वर्षं फायली वाचलेला माणूस, हाताला कागद लागल्याशिवाय चैन पडायचं नाही. आणि वाचून झालं की मार्जिनमध्ये सरकारी नोटिंग. 'पाहिले.' 'पृष्ठ नऊवरील विधानास आधार दिसत नाही.' 'चर्चा करावी.' हे सगळं अर्थात इंग्रजीत, आणि हिरव्या शाईत.

हिरव्या शाईचंही एक प्रकरण आहे. सरकारी ऑफिसात हिरव्या शाईने लिहायचा मान फक्त फार वरच्या साहेबांना. काका निवृत्त झाले तोवर त्या पायरीपर्यंत पोचले नव्हते. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते करोल बागेत गेले आणि हिरव्या शाईची दौत घेऊन आले. "आता कोण अडवतंय!" असं म्हणून त्यांनी पहिली सही दूधवाल्याच्या वहीत केली.

तर झालं असं, की गडबडीत मी काकांनी वाचलेलीच प्रत माझ्या गाइडच्या टेबलावर ठेवून आलो. पहिल्याच पानावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, 'खात्री पटली नाही. कारणांसहित पुन्हा सादर करावे,' आणि खाली लफ्फेदार सही.

एरवी माझा चॅप्टर सरांकडे दोन-दोन महिने पडून असायचा. या वेळी तीन दिवसांत फोन आला. गेलो तर सर स्वतः बसून आकडे तपासत होते. दार लावून घ्यायला सांगितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "विवेक, ये ऊपर तक कैसे पहुँचा?"

मला काही कळेना. मग ती हिरव्या शाईची प्रत दिसली. "सर, वो तो हमारे काका हैं. रिटायर्ड हैं."

"रिटायर्ड?" सर आणखीनच घाबरले. "फिर तो उनके पास टाइम ही टाइम है!"

तेव्हापासून माझे सगळे चॅप्टर आठवड्याच्या आत परत येऊ लागले. काकांना मी हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

* * *

आता वंदनाचं. लेक इतिहासात पीएचडी करते म्हटल्यावर सुभेदारसाहेबांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की विषय पानिपत! सातारची पोरगी, दिल्लीत शिकते, मग दुसरा इतिहास आहे कुठला? एका रविवारी त्यांनी आम्हा तिघांना पहाटेच्या गाडीत घातलं आणि पानिपतला नेलं.

तिथे त्यांनी हातात छडी घेतली आणि ब्रीफिंग सुरू केलं. मैदान कसं होतं, कोण कुठून आलं, ऊन कुणाच्या डोळ्यांवर होतं. इरफानला त्यांनी तोफखान्यात उभं केलं. मला म्हणाले, "तू दह्यावाला ना? तू रसद!" आणि मला पार मागे, एका झाडाखाली उभं केलं. "रसद तुटली की फौज संपली, ध्यानात ठेव." मी दोन तास उपाशी रसद सांभाळली.

तेवढ्यात वंदना कुठे दिसेना. शोधलं तर ती शेजारच्या वस्तीत, मागावर खेस, म्हणजे जाड सुती चादर, विणणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईशी गप्पा मारत बसलेली. त्या बाईचा नवरा कधीकाळी फौजेत होता, आणि वंदना विचारत होती की तो घरी पत्रं पाठवायचा का.

सुभेदारसाहेब छडी खाली टेकवून उभे राहिले. "हे काय चाललंय?"

"आबा, माझा विषय पानिपत नाही," वंदना म्हणाली. हे सांगायचं धैर्य तिने दीड वर्ष साठवलं होतं. "जवान घराला काय लिहितो आणि घर जवानाला काय लिहितं, ते मी शोधतेय. गावोगावच्या ट्रंकांमधली जुनी पत्रं."

"चिठ्ठ्या?"

"हो."

"म्हस व्याली, पोरगं पास झालं, कौलं बदलली. दुसरं काय असतंय त्यात? ह्याच्यावर डॉक्टर करतात?"

दिल्ली आल्यावर त्यांनी आम्हा दोघा मुलांच्या हातात पानिपतचा एकेक खेस ठेवला, तो माझ्याकडे अजून आहे. मग लेकीकडे वळून म्हणाले, "पुढच्या मार्चअखेर मी रिटायर. क्वार्टर सोडायचं. तोवर तुझं लिहून झालं तर बघू. न्हाई झालं तर ट्रंका बांधायच्या आणि सगळ्यांनी गावाकडं. मग लग्नाचं."

सव्वा वर्ष होतं. गावी विद्यापीठ नाही, लायब्ररी नाही, आणि एकदा गेली की वंदना परत येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

* * *

मधेच माझंही तारू बुडायला आलं होतं. मे महिना, लॅबमध्ये छप्पर तापून अंगाची लाही. शनिवारी दुपारी मला राहवेना. कूलर लावायचा तर प्लग पॉइंट एकच चांगला, आणि त्यात डीप फ्रीजरची वायर. 'तासाभराने परत लावू,' असं म्हणून मी ती काढली. कूलरसमोर मस्त डुलकी काढली, उठलो, कूलर शहाण्यासारखा बंद केला आणि हॉस्टेलला गेलो. सोमवारी सकाळी लॅबच्या दारातून पाणी बाहेर येत होतं!

तीन वर्षांचे नमुने गेले. त्यात माझा सगळ्यात महत्त्वाचा जिवाणू होता, ज्याच्यावर निम्मा प्रबंध उभा होता. तो मी पहिल्या वर्षी कुठून मिळवला होता? तर साळवेकाकूंच्या दह्यातून. मी तसाच मेट्रोत बसलो आणि भर दुपारी द्वारका गाठली.

काकूंनी दार उघडलं. माझा चेहरा बघून त्यांनी आधी पाणी दिलं. मी विचारलं, "काकू, तुमचं विरजण तेच आहे का हो, तीन वर्षांपूर्वीचं?"

"तेच म्हणजे? नगरहून लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दिलेलं आहे. एकदाही मोडलं नाही. गावाला जाते तेव्हा समोरच्या अरोरा भाभीकडे ठेवून जाते."

मी वाटीभर दही घेऊन गेलो. दोन महिने त्या दह्यातून एकेक जिवाणू वेगळा करत बसलो. शेवटी एका रविवारी धापा टाकत चार मजले चढलो. "काकू, सापडला! तोच आहे!"

"तोच आहे हे तुला कळलं कसं?"

त्या दिवशी पहिल्यांदा मी दुसऱ्या शिट्टीच्या आत नीट उत्तर दिलं. तीन वेगवेगळ्या चाचण्या, तिन्हींत जुन्या नोंदींशी तंतोतंत जुळणारा. काकूंनी सगळं ऐकलं आणि मान हलवली. "बरं. मग आता त्याला इथेच राहू दे. तुमच्या फ्रीजचा काही भरवसा नाही!"

माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर फंड देणाऱ्या संस्थेच्याही आधी काकूंचं नाव आहे. सरांनी ते खाली घ्यायला सांगितलं होतं. मी घेतलं नाही. आयुष्यात ज्या दोन-चार गोष्टी बरोबर केल्या त्यातली ती एक.

* * *

वंदनाने बावीस घरांमधून पत्रं गोळा केली. प्रत्येक घराला एक नंबर, नाव कुठेच नाही, हा इरफानचा सल्ला. त्यांच्या डॉक्टरीत तसं असतं. पण त्या बावीस घरांमध्ये एकच अडचण होती. नवऱ्यांची पत्रं सगळी सापडली, कारण बायकांनी ती जपून ठेवली होती. बायकांची पत्रं मात्र एकही नाही. जवान आज इथे, उद्या तिथे, सामान एका ट्रंकेचं. पत्रं कोण वागवणार? तिच्या गाइड मॅडमनी सांगून टाकलं होतं, "हा अर्धाच संवाद आहे. दुसरं टोक आण, नाहीतर सबमिट करायला मी सही देणार नाही."

तिने आईलाही विचारून पाहिलं होतं. आई म्हणाली, "आमी न्हाय बाई कदी काय लिवलं."

जानेवारीतला एक रविवार. मार्चला दोन महिने राहिलेले. सुभेदारसाहेब वंदनाला घ्यायला आले होते, बाहेर हॉलमध्ये काकांबरोबर चहा घेत होते. आत कुकर लागला होता आणि वंदना सांगत होती.

"बायका पेरणी, पोरांची शाळा, दवाखाना, सगळं स्वतः ठरवायच्या. नवऱ्याला विचारायच्या नाहीत, फक्त कळवायच्या."

"हे तुला कळलं कसं?"

"नवऱ्यांच्या उत्तरांवरून अंदाज केला, काकू."

"अंदाजाने मी मीठ घालते," काकू म्हणाल्या. "तू घालू नकोस."

काकूंना तसं बोलायचं नव्हतं, मला माहीत आहे. पण वंदनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ती ओट्याला टेकून रडायला लागली. "कुठून आणू मी? सगळ्यांनी फेकून दिली हो! बावीस घरं फिरले!" तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली, गॅस बंद करायचं कुणाला सुचलं नाही. बाहेरून फक्त कप बशीत ठेवल्याचा आवाज आला आणि सुभेदारसाहेब म्हणाले, "चला. उशीर होतोय."

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात वंदना, आणि तिच्यामागे खांद्यावर काळी पत्र्याची ट्रंक घेतलेले सुभेदारसाहेब. लिफ्ट चालू असताना हा गृहस्थ चार मजले चढून आला होता! ट्रंक हॉलच्या मधोमध ठेवली आणि उघडली. आत निळी आंतर्देशीय पत्रं, बुटांच्या नाड्यांनी बांधलेले गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्यावर पोस्टिंगचं ठिकाण. वंदनाच्या आईची पत्रं. एकूण एक.

काकांनी चष्मा काढून पुसला. "सुभेदारसाहेब, ही इतकी वर्षं तुम्ही..."

"वर्दी खाली, ही वर," सुभेदारसाहेब म्हणाले. "जागा व्हायची."

वंदनाच्या पर्समध्ये आणखी एक गठ्ठा होता. त्याच सकाळी आईने गव्हाच्या डब्याच्या तळातून काढून दिलेला. सुभेदारसाहेबांची उत्तरं. 'कदी काय लिवलं न्हाय' म्हणणाऱ्या घरातली!

सुभेदारसाहेबांची अट एकच होती. "नाव कुठंबी येता कामा न्हाई. मॅडमला न्हाई, परीक्षकाला न्हाई. आमचं दोघांचं आहे ते. शब्द दे." वंदनाने हातावर हात ठेवून शब्द दिला. काकूंनी आम्हा सगळ्यांनाही द्यायला लावला. मग वंदनाने वहीत लिहिलं, घर नंबर तेवीस.

क्वार्टरच्या किल्ल्या परत करायच्या दोन दिवस आधी प्रबंध सबमिट झाला. वडील म्हणाले, "व्हायवापर्यंत ताईंकडं राहा. पास झालीस तर पुढचं तू ठरव. प्रबंध माघारी आला तर तू गावाकडं." त्या दिवसापासून काकूंच्या मुलाची खोली वंदनाची झाली.

* * *

व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, काय घालायचं, हा आमच्याकडे प्रश्नच नव्हता. काकांचा करोल बागेत शिवलेला निळा कोट! मंत्र्यांसमोर जायच्या दिवसासाठी शिवला होता, तो दिवस काही आला नाही. मी तो घातला तेव्हा आत आणखी एक विवेक मावला असता. इरफान सहा फूट, त्याच्या बाह्या कोपराच्या जरा पुढे येऊन थांबल्या. परीक्षकांनी म्हणे त्याला आधी विचारलं की हातांना काही लागलंय का. दोघंही पास झालो. काकांची खात्री होती की ते कोटामुळे.

वंदनाची व्हायवा डिसेंबरात आली. सकाळी काकांनी कोट इस्त्री करून आणला. "साडीवर कसा दिसेल?" असं काकू म्हणत होत्या, तोवर वंदनाने तो घातलाही. थंडीही होतीच.

* * *

व्हायवाच्या खोलीत तीस खुर्च्या. पुढे परीक्षक, तिच्या मॅडम, डिपार्टमेंटचे हेड. प्रेक्षकांत आम्ही दोघं, काका-काकू, काही विद्यार्थी. आणि शेवटच्या रांगेत, आदल्या दिवशी गावाहून आलेले सुभेदारसाहेब आणि वंदनाची आई. आईने डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरलेला. दिल्लीत इतकी वर्षं राहून ती माउली क्वार्टरच्या बाहेर कुणाशी एक शब्द हिंदी बोलली नव्हती.

परीक्षक बाहेरगावाहून आलेले, वयस्कर, बारीक आवाजाचे. पाऊण तास त्यांनी प्रश्न विचारले, वंदनाने शांतपणे उत्तरं दिली. मग त्यांनी पाचवं प्रकरण उघडलं.

"आपका पूरा चैप्टर एक ही घर पर खड़ा है. नंबर तेईस. बाईस घरों में आधी चिट्ठियाँ, और इस एक घर में दोनों तरफ़ की, सिलसिलेवार, एक भी ग़ायब नहीं. ऐसा मैंने चालीस साल में नहीं देखा. ये कौन लोग हैं?"

"सर, नाम नहीं बता सकती. वचन दिया है."

"तो मुझे कैसे पता चले कि ये सच है?"

काकूंनी मला कोपराने ढोसलं. "माझाच प्रश्न विचारतोय!"

"मूल चिट्ठियाँ लाई हूँ, सर. नाम के ऊपर काग़ज़ चिपकाया है."

"नाम ढका हुआ काग़ज़ तो कोई भी बना लेगा, बेटा." ते चिडले नव्हते, उलट त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "या तो नाम बताइए, या ये चैप्टर निकालकर दोबारा जमा कीजिए."

मॅडम पुढे वाकल्या. "बता दो वंदना. बात इसी कमरे में रहेगी."

वंदनाने शेवटच्या रांगेकडे पाहिलंसुद्धा नाही. कोटाच्या बाह्यांमध्ये तिच्या मुठी दिसत नव्हत्या. "नहीं मैडम. वचन दिया है."

परीक्षकांनी सुस्कारा सोडला, प्रबंध मिटला आणि पेनाचं टोपण काढलं. हेडनी घड्याळ बघत नेहमीचं वाक्य म्हटलं, "ऑडियन्स में से किसी को कुछ पूछना है?" या वाक्याला कुणी कधी उत्तर देत नाही.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. सुभेदारसाहेब उभे होते. टाचा जुळलेल्या, हात पँटच्या शिवणीला, नजर समोरच्या भिंतीवर.

"साहब! नंबर तेईस हाज़िर है!"

परीक्षकांचं पेन कागदाच्या वर तसंच राहिलं.

मग वंदनाची आई उठली. पदर सारखा केला, नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली आणि परीक्षकांकडे बघून म्हणाली, "ये आधा हैं, साहेब. बाकी आधा मैं."